वडूजचा तांबडा डोंगर

२ मे १९७४, वडूज
पोहोचलो. पुण्याच्या आमच्या कलामंडळाची योजना : चित्रकाराने महिनाभर एका गल्लीत राहायचं आणि गल्लीकरांना सोबत घेऊन भिंतीवर चित्र काढायचं. निवड माझी झाली. दुसऱ्या कुणाचा अर्ज नव्हता, पण तो मुद्दा नाही. मुक्काम हंबीररावांकडे. रिटायर्ड हवालदार. भिंतही त्यांचीच.
संकल्प : पहाटे उठणे. लोकांचं ऐकणे. अॅबस्ट्रॅक्टच काढणे.

३ मे
नऊला उठलो. प्रवासाचा शीण.

५ मे, सायंकाळी
सभा. हंबीररावांनी गल्लीत सांगितलं होतं, पुण्याचं पाव्हणं रंग वाटनार हायत. तुफान गर्दी. प्रत्येकाच्या हातात रिकामा डबा. गहिवरलो. रॉकेल वाटप आहे असा समज झाल्याचं नंतर कळलं. तोवर फक्त शेजारच्या मनुबाई उरल्या होत्या. कडेवर एक मूल, पदराला दोन, पुढे आणखी दोन. भिंतीवर काय हवं, विचारलं. मालकास्नी इच्यारून सांगते, म्हणाल्या. सुरुवात चांगली.

९ मे
लोकसहभाग स्थगित. एकाला मारुती हवा, दुसऱ्याला बैल, लालासाहेब पैलवानांना स्वतःचा फोटो बघून चित्र हवं. लोकांना काय हवं ते लोकांना कुठं ठाऊक असतं! मला डोंगर जाणवला. इथल्या उन्हात तापून तांबडा झालेला. सरळ डोंगर कोणीही काढेल. मी उलटा काढणार. टोक खाली.

१४ मे
पूर्ण! पिवळ्या भिंतीवर प्रचंड तांबडा त्रिकोण. हंबीरराव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याच दारात व्हय?" अभिमानानेच म्हणाले असावेत. त्यांच्या मंडळींनी, बनुबाईंनी, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. देवळात ओढतात तसा.

१७ मे
परिणाम जबरदस्त. पुरुष भिंतीसमोरून खाली मान घालून भराभर जातात. विनम्रता! लालासाहेब पैलवान तर वळसा घालून मागच्या बोळाने तालमीत गेले. कलेचा धाक म्हणतात तो हाच.

२० मे
गल्ली मला 'डॉक्टर' म्हणू लागली आहे. विद्यापीठं असा मान द्यायला उशीर लावतात, लोक लावत नाहीत. कुणालाही दुरुस्त केलं नाही.

२३ मे
दुपारी मनुबाई आल्या, सोबत आणखी दोघी. आवाज बारीक करून विचारलं, लय दुकतं का? म्हटलं, निर्मितीत वेदना असतेच. वेळ किती लागतो? म्हटलं, हात बसला की दुपारभरात उरकतं. आनि मागनं काय तरास? म्हटलं, थोडे दिवस पाठ धरते. तिघी समाधानाने गेल्या. इतकी सखोल चर्चा पुण्यातसुद्धा कधी झाली नाही.

२७ मे
दवाखान्याची जीप आली. नर्स शालूबाई उतरल्या आणि माझे आभार मानू लागल्या. आम्ही घरोघर हिंडतो, बायका कडी लावून घेतात. तुमच्या त्रिकोणापासून त्याच निरोप धाडतात. कसला त्रिकोण, मी विचारलं. कुटुंबनियोजनाचा, त्या म्हणाल्या, सरकारी खूणच ती, तांबडा त्रिकोण, टोक खाली. मी डोंगर समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. तोवर ड्रायव्हरने भिंतीवर खाली लिहिलं : 'दोन किंवा तीन मुलं पुरेत.' अक्षर भिकार.
किरकोळ गैरसमज. उद्या सगळं पुसून पुन्हा काढणार. या वेळी निळा डोंगर.

२८ मे
बादली घेऊन गेलो. भिंतीपाशी मनुबाई. उद्या जीपमधून ऑपरेशनला जाणार आहेत. नवरा आधी बोलतच नव्हता. मग चार दिवस येता-जाता भिंत बघून काल आपणहून हो म्हणाला.
"मला कवाचं इच्यारायचं हुतं," त्या म्हणाल्या. "कुनाफुडं तोंड उगडू कळंना. तुमी भिंतीवर काडलंसा, मग लाज मोडली बगा."
डोंगराबद्दल सांगणार होतो. राहिलं. बादली परत आणली. पाणी गढूळ होतं.

३१ मे
मंडळाचे सेक्रेटरी काम पाहायला आले. पॅरिसमधल्या गॅलऱ्या पाहिलेला माणूस. अखेर एक तरी दर्दी! भिंतीसमोर नेऊन उभं केलं आणि मुद्दाम गप्प राहिलो. चित्राने स्वतः बोलावं. त्यांनी मागे सरकून पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं, रंगावर बोट फिरवलं.
"सरकारी रंगकाम असूनही झकास आहे," ते म्हणाले. "चला, आता तुमचं चित्र दाखवा."
मी म्हणालो, अजून भिंत शोधतोय.