भिंतीतलं मोहोळ

लामता, ता. ७-८-६६

चि. खेमराज यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. दोन बुकं शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हासू नको. तू कॉलेजातून पाठवलेली पावडर मागल्या पंधरवड्यात भेटली. लाल किड्यायनं कोहळ्याच्या पानाची चाळणी केलती. सकाळी फुलं उमलली तशी मी वेलभर भुरकावली. दुसऱ्या दिवशी एक किडा नाही. दारावरून जाईल त्याले सांगतो, माह्या नातवाची पावडर हाय म्हणून. शेजारचा चैतराम उरलेली मागून घेऊन गेला, काकडीवर टाकाले.

एक इचारतो. तुह्या आजाच्या खाटेमागं भिंतीत मोहोळ हाय नं, ते चूप झालं. लकव्यानं पडल्यापासून त्याले तेवढीच सोबत. माह्यापेक्षा त्याले माशायचंच बोलणं गोड लागते. भिंतीले कान लावून रोज पुसते, माशा काहून बोलत नाही. मी म्हणलं, रानात फुलोरा हाय, तिकडं गेल्या असतीन. अन् कोहळ्याले फुलं लय, पण बोंड्या पिवळ्या पडून गळून राह्यल्या. हे काहून?

तुही आजी,
शेवंताबाई

जबलपूर, ता. १४-८-६६

ती. आजीस खेमराजचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं, जेवण गेलं नाही. माशा रानात गेल्या नाहीत, मेल्या. सकाळी त्या फुलावर येतात तेव्हाच पावडर पडली. संध्याकाळी टाक, हे लिहायचं मीच विसरलो. एका फुलाची पिवळी धूळ दुसऱ्या फुलात माशीच नेते. ती नाही तर फळ धरत नाही. चैतरामकाकाचंही धरणार नाही.

तू एक कर. पहाटे ज्या फुलाखाली बोंडी नसते ते तोड, आणि त्याची धूळ बोंडीवाल्या फुलात आतून लाव. आजाला मात्र सांगू नको. हात जोडतो.

तुझा,
खेमराज

लामता, ता. ११-९-६६

चि. खेमराज यास अ. आ. वि. वि. तीन कोहळे धरले रे बापू! रोज उजेडताच वेलात बसतो. तुही माय आधी त्या बिनबोंडीच्या फुलायचे भजे तळे. म्हणलं, दुर्गा, हे नवरदेव हायत, कढईत नको घालू. चैतरामच्या वाडीत काकडीच नाही. त्यालेबी शिकवलं. एवढ्या मोठ्या मिशीचा माणूस फुलापुढं उकिडवा बसते, मले हासू येते.

परवा मोठं कोहळं न तोडता वेलासकट खाटेपर्यंत ओढत आणलं. बुढ्याले म्हणलं, पाहा, माशा वापस आल्या. त्यानं कोहळ्याकडं पाह्यलंच नाही. चांगल्या हातानं माहे बोटं धरले. फुलाच्या धुळीनं पिवळे व्हते. धोतराच्या सोग्यानं एकेक पुसलं. मंग जड जिभेनं म्हणे, "पोराले सांगू नको. मनाले लावून घेईल."

तवापासून भिंतीकडं कान नेत नाही. पेज दोन चमच्यावर आली. त्यानं नको म्हणलं तरी लिवलं. कोहळे दिवाळीले पिकतीन. तू तवरक थांबू नको. माया हाय तशी ठेव, अन् येजो.

तुही आजी,
शेवंताबाई