आयडेलच्या टेपा

५ जानेवारी
लागली एकदाची नोकरी! शाळामंडळाच्या टीव्ही केंद्रावर रोज सकाळी मी वाचणार: आज शाळेत जेवायला काय, बर्फामुळे कुठली शाळा बंद, कुठली बस येणार नाही. अख्खं गाव कॉफी पिताना हेच बघतं. केंद्र म्हणजे हायस्कूलच्या व्यायामशाळेमागची खोली; पलीकडे बास्केटबॉल आपटला की कॅमेरा थरथरतो. नवरा, एल्डन, चिडवतोय, आता माझ्याकडून सहीचे पैसे घेऊ नकोस म्हणे.

९ जानेवारी
माझ्याआधी ही खुर्ची आयडेल ऑल्मस्टेडची. ऑक्टोबरात वारली, पण गावाच्या तोंडातून तिचं नाव काही जात नाही. बेकरीवाली म्हणाली, नोरीन, तू वाचतेस बरं गं, पण आयडेलनं नुसतं मॅकरोनी म्हटलं तरी पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. मी हसले. आतून नुसता तिळपापड.

१६ जानेवारी
मंडळ नव्या टेपा देत नाही. जुन्यांवरच पुन्हा रेकॉर्ड करायचं, ही इथली रीत. फक्त कपाटात कुलपात ठेवलेल्या आयडेलच्या टेपांना हात लावायचा नाही, असं केंद्रप्रमुख ऑर्व्हिलनं बजावलंय. का म्हणून? मेलेल्या बाईला कुलुपाचं कपाट आणि मला झिजलेल्या टेपा? किल्ली हळूच उचलून आठवडाभर मी तिच्याच टेपांवर स्वतःला चढवलं. शेवटची आज पुसली. फार बरं वाटलं.

२० जानेवारी
बसचालक म्हणाला, बाई, आज निळा स्वेटर काय खुलत होता! माझ्याकडे निळा स्वेटर नाहीच. आयडेल मात्र कायम निळ्यात असायची. सकाळची टेप लावून बघितली. खुर्चीत ती. शब्द माझे. मला मध्येच आलेला खोकलासुद्धा तिलाच आला, आणि मेलीला तोही शोभला.

२१ जानेवारी
एल्डनला विचारलं, टीव्हीवर कोण दिसतं? तूच की, म्हणाला. स्वेटर? निळा. पहिल्या आठवड्यात मला टीव्हीवर बघता बघता त्याचा डोळा लागायचा. हल्ली पापणी लवत नाही.

२२ जानेवारी
टेपा जाळल्या. काही उपयोग झाला नाही. केंद्रावर गेले तर ऑर्व्हिलनं दारातच अडवलं. कुणाला भेटायचंय, म्हणाला. आत प्रक्षेपणाचा लाल दिवा लागलेला. कुणीतरी वाचत होतं. माझ्या जागी —

२३ जानेवारी
बर्फ. सगळ्या शाळा बंद. मी वरच्या खोलीत. खालचा टीव्ही आत्ताच बंद झाला.
एल्डननं हाक मारली, नोरीन, कॉफी झाली, ये गं.
मी तोंड उघडायच्या आत जिन्याखालून कुणीतरी ओ दिली. माझ्या नावाला. किती गोड —
एल्डन हसतोय. लग्नापासून माझ्याशी असा कधीच —