डिकीतला खोका

बुधवार, ८ जानेवारी

ह्यांनी गाडीच्या डिकीत भलामोठा काळा खोका बसवून आणलाय. सबवूफर म्हणे, ढमढम वाजणारा स्पीकर! शिवाय सीटखाली अॅम्प्लिफायर. मला कळलं कधी — तर डिकीत गव्हाचं पोतं मावेना तेव्हा.
"कंपनीचा टेप लई मिळमिळीत वाजतो," म्हणाले.
हा माणूस? आमच्या वरातीतला डॉल्बी बंद करायला लावणारा हाच! लग्नापासून एक ओळ गुणगुणलेली ऐकली नाही.

शनिवार, ११ जानेवारी

खोका बसवणाऱ्या शिवतेजच्या दुकानावरून चालले होते, थांबलेच.
"टेप कंपनीचाच हाय, वैनी. त्याला हात न्हाई लावला. मागच्या स्पीकरच्या वायरीतनं आवाज घेतलाय, करंट बॅटरीवरनं." मग हसला. "पर दादांचं येगळंच! म्हनले, गाणं ऐकू न्हाई आलं तरी चालंल, खोका हादरला पायजे."
गाणं ऐकायचंच नाही? मग कशाला?

सोमवार, १३ जानेवारी

काल रविवार. हे पुन्हा कराडला, गेले कित्येक रविवार हेच. "पार्टीला भेटायचंय," म्हणे. आमचं दुकान द्राक्षबागांच्या औषधांचं. कराडला सगळा ऊस! तिथं आमचं कसलं गिऱ्हाईक?
आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत ताटावर बसणारा हा माणूस. काल अंधार पडल्यावर आले, पाणी पिऊन उपाशीच झोपले. पण तोंडावर हसू होतं. तेच जास्त टोचलं.

गुरुवार, १६ जानेवारी

डिकी झाडायला उघडली. खोक्यावर धूळ, धुळीत हाताचे ठसे. दोन्ही पंजे, नीट पसरलेले. माझा हात शेजारी धरून बघितला. ठसे लहान.
लहान मुलाचे.
आम्हाला मूल नाही.
तिथंच पायरीवर बसले. मग सासूबाईंना सरळ विचारलं, "आई, ह्यांचं कराडला कोण आहे?"
त्यांच्या हातातली वाटी सटकली. "कोन न्हाई. कराडचं नाव काढू नगंस या घरात!"
म्हणजे सासूबाईंनाही ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक, फक्त त्रिशला खुळी!

शुक्रवार, १७ जानेवारी

ह्यांचं ताट वाढून ठेवलं आणि शेजारी निघून गेले.

रविवार, १९ जानेवारी

ह्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले. "मीपण येणार."
हे दार धरून उभेच राहिले. "त्रिशला, उतर."
"न्हाई उतरत."
इस्लामपूर मागं पडलं. मी मनात भांडण जुळवत होते — तिला काय बोलायचं, ह्यांना काय बोलायचं, माहेरी काय सांगायचं.
कराडला एका बैठ्या घरापुढं गाडी थांबली. फ्रॉकातली एक मुलगी धावत आली. नाक अगदी ह्यांचं! तिनं हाक मारली नाही, बोलली नाही. डिकीत चढून दोन्ही पंजे खोक्यावर टेकले. ह्यांनी टेप लावला. खोका धडधडायला लागला, आणि पोरगी अशी हसली! डोळे मिटून, मान डोलवत, अगदी तालात.
"गार्गीला जन्मापासनं ऐकू येत न्हाई," हे म्हणाले.
तेवढ्यात दारात एक बाई आली. चंदना! माझी नणंद. वीरधवलशी, जातीबाहेर, लग्न केलं म्हणून सासूबाईंनी जिच्या नावानं अंघोळ केली, ती. मला तर ती पुण्यात असते असंच सांगितलं होतं.
"वैनी," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. वाटभर जुळवलेलं भांडण तिथंच राहिलं.
परत येताना ह्यांना म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"
"आईनं शपथ घातलीय, चंदनाशी संबंध ठेवायचा न्हाई. तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली नसतीस."
खरंच. नसते बसले.

सोमवार, २० जानेवारी

आणि नाहीच बसले. सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. पोरीचं ऐकू न येणं, खोका, हसणं. त्या उठून देवघरात गेल्या. जेवायला आल्या नाहीत. हे माझ्यावर चिडलेत. चिडू देत!

गुरुवार, २३ जानेवारी

घरात भांडी तेवढी वाजतात.

शनिवार, २५ जानेवारी

सकाळी भाकरी थापत होते. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हे बाहेर गेलेत का बघितलं. मग हळूच —
"त्या पोरीला, आज्जी असं म्हनायचं असलं तर हातानं कसं म्हनत्यात गं?"
मला येत नव्हतं. पिठाच्या हातानंच चंदनाला व्हिडिओ कॉल लावला, आणि फोन त्यांच्या हातात दिला.