कुलपातलं सोनोग्राफी मशीन

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडकडचा मंगरू, विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडणारा म्हातारा, धापा टाकत दवाखान्यात आला. छातीत पाणी झालेलं. पाणी काढायला सुई नेमकी कुठे घालायची, ते आमच्या छोट्या सोनोग्राफी मशीनवर दिसलं असतं. पण मशीन कुलपात, किल्ली दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या खिशात आणि साहेब गोंदियाला मीटिंगला. म्हणे गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा, मशीन कुलपातच हवं! अरे, म्हाताऱ्याच्या छातीत मी मुलगा बघणार होतो की मुलगी?

त्याची बायको म्हणाली, "मशीन आहे तं लावून काऊन नाई राहिले जी?" कुलूप फोडायला हवं होतं का? शेवटी जिथे किल्ली होती तिकडेच, गोंदियाला, मंगरूला ॲम्ब्युलन्सने धाडलं.

आत्ता साहेब आले. पहिला प्रश्न, "कुलूप शाबूत आहे ना?"

आहे, साहेब. मंगरूचं विचारा ना!