डार्करूममधल्या रत्नप्रभाबाई

३ फेब्रुवारी १९६९, सोमवार

मुलुंडच्या हॉस्पिटलात आज हजर झालो. एक्स-रे टेक्निशियन! फोटो मी काढायचे, फिल्म धुवायच्या डार्करूमच्या बाईंनी. नाव रत्नप्रभा. वय पस्तिशीचं. लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले. हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

४ फेब्रुवारी

आई विचारते, डार्करूम म्हणजे अंधारकोठडी का रे सहदेव? म्हटलं, तुरुंगातली नव्हे. घाटकोपरला दशरथमामाच्या स्टुडिओत आहे तशी. तिथं लग्नाचे फोटो धुतात, आमच्याकडे हाडांचे. "आणि त्यात आंधळी बाई?" आई म्हणाली. खरं तर मलाही तेच वाटत होतं.

आज बाईंबरोबर आत उभा राहिलो. लाल दिवा मिणमिणता, तो माझ्यासाठी. त्यांनी फिल्म हँगरला लावली, डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये — एक थेंब बाहेर नाही. घड्याळाची काच काढलेली. काट्यांवर बोट ठेवून वेळ बघतात. मी दोनदा त्यांना धडकलो. हसल्या. "तुमच्यासाठी डार्करूम. माझ्यासाठी नुसती रूम."

२० फेब्रुवारी

चाळीस फिल्म. एकीवर ओरखडा नाही. झकास!

११ मार्च

वाट लागली. तीन दिवस फिल्म करड्या येतायत. एका गवंड्याचं खुब्याचं हाड मोडलंय, त्याला तिसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं. कण्हत होता बिचारा. मोठे डॉक्टर तापले — आंधळीच्या हाती काम दिलं की असंच होणार, शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर दुसरा माणूस बघतो. बाई दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. मी गप्प बसलो. लाज वाटते आहे.

१२ मार्च

सकाळी बाईंनी विचारलं, "बिघडलेल्या फिल्म किती वाजताच्या?" रजिस्टर काढलं. सगळ्या दुपारी तीननंतरच्या. सकाळची एकही नाही.

"मग फिल्म धुवायचं औषध ठीक आहे. उजेड शिरतोय कुठून तरी. पश्चिमेच्या भिंतीतून."

चार वाजता दार लावलं, लाल दिवाही घालवला. पंधरा मिनिटं मी डोळे ताणून बघत होतो. मिट्ट काळोख. म्हटलं, बाई, काही नाही. त्यांनी हात पाण्यात बुडवला आणि ओला तळवा भिंतीवरून हळूहळू फिरवत गेल्या. गेल्या आठवड्यात बदललेल्या नळाच्या पाइपापाशी थांबल्या. "इथून वारा येतोय. वारा येतो तिथून उजेडही येणार."

शिपाई भाऊरावला आत घेतलं. थोडा वेळ गेला आणि तो म्हणाला, "हे काय, दिसतंय की भोक. चांदणीसारखं."

मला तेव्हाही दिसलं नाही.

१३ मार्च

भोक सिमेंटनं बुजवलं. दुपारच्या फिल्म आरशासारख्या. गवंड्याचं हाड स्पष्ट आलं, उद्या ऑपरेशन. मोठे डॉक्टर स्वतः डार्करूममध्ये आले. "चुकलो मी, बाई."

"भोकाची चूक ती," बाई म्हणाल्या. "तुमी कित्याक मनाक लावन घेतास?" रागावल्या की नाही कोण जाणे, पण मालवणी बोलल्या! मी असतो तर चार गोष्टी ऐकवल्या असत्या. म्हणूनच मला त्यांच्या नखाचीही सर नाही.

१५ मार्च

निघताना बाईंनी थांबवलं. "रागावू नका. महिना झाला, लाल दिव्यात तुम्ही रोज त्याच स्टुलाला अडखळता. बाहेर उजेडात तुमचा पाय कधी अडखळत नाही. डोळे दाखवून या."

आईला वाटतं मी धांदरट. मलाही तसंच वाटायचं.

२२ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचीही डार्करूम! काळे पडदे, बारीकसा दिवा, डोळ्यात औषध घालून बसवलं. तासभर तपासलं. डोळ्याचा पडदा आतून सुकत चाललाय म्हणाले. उपाय नाही. दहा वर्षं, फार तर पंधरा. आईला सांगितलेलं नाही.

२४ मार्च

रत्नप्रभाबाईंना सांगितलं. त्यांनी हातातला हँगर खुंटीला अडकवला. मग म्हणाल्या, "सहदेव, उद्यापासून अर्धा तास लवकर येत जा. दिवा लावायचा नाही."