रिकाम्या डबीची मोजणी

३ फेब्रुवारी २०२५
प्रयोगशाळेतली नवी नोकरी झकास आहे. गोरेगावात, आरेच्या कडेला. खिडकीतून गोठ्यांचे पत्रे दिसतात. प्रांजल शाळेतून यायच्या आत घरी पोचेन. तिचे बाबा गेल्यापासून नऊ वर्षांची पोर गळ्यात किल्ली घालून फिरत होती. आज ती काढून देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला टांगली.

चेतना मॅडमनी काम समजावलं. लाल माठाच्या रोपांना एकच द्रावण पाजायचं, त्यात चौदा मूलद्रव्यांचे किरणोत्सर्गी अंश. पानं डबीत घालून यंत्रात ठेवली की पडद्यावर जस्त, कोबाल्ट, सोडियम, प्रत्येकाचं शिखर वेगळं उभं राहतं. एका दमात अख्ख्या वर्गाची हजेरी. रोज आधी रिकामी डबी मोजायची. ती कोरी आली तरच पुढचं काम.

११ फेब्रुवारी
साध्या पाण्यावर वाढवलेल्या रोपांचा ट्रे सावलीत मलूल पडला होता. राहवेना. द्रावणाच्या ट्रेच्या जागी, उन्हात ठेवला; तो याच्या जागी. संध्याकाळी परत बदलेन. चिठ्ठ्या फळीला आहेत, ट्रेला नाहीत.

१४ फेब्रुवारी
साध्या पाण्याच्या फळीवरचा माठ आज टाकायचा होता. झाडूवाल्या सोनूबाई म्हणाल्या, फुकट कित्याक घालवतंस गो, चेडवाक घाल. लेकीसाठी एक जुडी आणली. पालेभाजीला नाकं मुरडणारी प्रांजल दोनदा मागून जेवली. मी वाटीभर खाल्ली.

१७ फेब्रुवारी
रिकामी डबी कोरी नाही. चौदा बारीक शिखरं. मॅडम म्हणाल्या, डाग असेल, पूस. पुसली. तेच. काल मॅडमनी मोजली तेव्हा कोरी होती.
काल मी नव्हते.

१८ फेब्रुवारी
खुर्ची लांब नेली, शिखरं खाली. जवळ आणली, वर.
मग आठवलं. अकरा तारखेला प्रांजलचं पोट दुखतंय म्हणून शाळेतून फोन आला. तशीच धावले. ट्रे बदललेच नाहीत. घरी नेली ती द्रावणाची जुडी.
मॅडम म्हणाल्या, घाबरू नकोस, अंश अगदी कमी, उतरत जाईल.

२१ फेब्रुवारी
न विचारता किरणोत्सर्ग मोजायचं छोटं मीटर घरी आणलं. माझी टिकटिक उतरतेय. तिची — रोज वाढतेय. डॉक्टर म्हणतात मीटर बिघडलंय. ती दुसरं काही खात नाही. तीच लाल भाजी हवी, म्हणते.

२२ फेब्रुवारी
तिला प्रयोगशाळेत नेलं. यंत्राला पाठ टेकवून बसवलं. पाजली होती चौदा. पडद्यावर पंधरा. पंधरावं कशाचं? मॅडमनी यादी दोनदा ताडून पाहिली, मग तिच्याजवळून उठून गेल्या. हजेरीत नसलेलं कोणीतरी —

२५ फेब्रुवारी
पाचवा मजला. मीटर ओट्यावर. ती शाळेत, तरी टिकटिक सुरू झाली. अजून बसही आली नसेल. वाढतेय. गेट असेल. आता लिफ्ट. माझं लेकरू आहे, दार मीच उघडणार, फक्त —
बेल नाही वाजली. कुलपात किल्ली फिरतेय. किल्ली तर इथे, खिळ्या