पाचव्या सम्राटाचा चेहरा

३ मार्च
आज कामावर रुजू झाले. दादानेच लावून दिलं. हे गेल्यापासून मी त्याच्याकडेच असते. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा पगार घेऊन बघ, म्हणाला. बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

दालन हवेशीर आहे. लांबलचक भिंतीवर एका साम्राज्याचा इतिहास रंगवतात. माझं काम रंग खलण्याचं. असं साम्राज्य कधी नव्हतंच, असं चित्रकारमामा म्हणाले. पण इतिहास नसलेल्या गावाला कोण विचारतं? पहिल्या सम्राटाने नदी कोंडली, दुसऱ्याने सोडली, तिच्यात तिसऱ्याची राजधानी बुडाली. प्रत्येकाची करणी पुढच्याच्या गळ्यात.

९ मार्च
सम्राटांना चेहरे खऱ्या माणसांचे देतात, शक्यतो मेलेल्यांचे. जवळच्या नातेवाइकाने शब्द दिला की झालं. जिवंत माणूस नाक मोठं काढलं म्हणून भांडतो, असं मामा म्हणाले. ह्यांचा चेहरा देणार का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

१७ मार्च
पाचव्या सम्राटाची गोष्ट ऐकली. युद्ध जिंकून आला आणि दारातल्या कुत्र्याला घाबरून बाहेरच थांबला. राणीने कुत्रं हाकललं तेव्हा घरात आला.

माझा हात खलातच थांबला. ती आमच्या लग्नानंतरची पहिली संध्याकाळ. मी फक्त दादाला सांगितली होती.

१८ मार्च
दादाला विचारलं. ताटातून नजर न उचलता म्हणाला, भिंतीवर गेलेलं माणूस घरच्यांच्या आठवणीतून जातं, म्हणून तर शब्द दिला. तुझ्याच भल्यासाठी, वेडे. वहिनी म्हणाली, घरात किती दिवस रडका चेहरा बघायचा?
मी जेवले नाही.

२१ मार्च
सम्राट पूर्ण झाला. देखणा आहे. ओळखीचा नाही. माझ्या खोलीत खुंटीवर कुणा पुरुषाचा सदरा —

२२ मार्च
सम्राटाच्या शेजारी राणीची आकृती खडूने काढली आहे. हनुवटी माझी. मामांना म्हटलं, मी शब्द दिलेला नाही. म्हणाले, तुम्ही कशाला, तुमच्या दादांनी —

२३ मार्च
संध्याकाळी घरी गेले. दादानेच दार उघडलं. कोण हवंय, असं विचारलं. अगदी अदबीने. मला अहो-जाहो —

दालनात परत आले. कुणी नाही. राणी पूर्ण झाली आहे. हसरी आहे बाई. ओळखीची नाही.
खल धुऊन पालथा घातला. हात पुसले. गालावरचा रंग पुसायला फडकं ओलं केलं, पण गाल —